न्यूयॉर्क राज्याची सेप्सिसविषयक नियमावली (२०१३) : उगम, स्वरूप आणि परिणाम

प्रास्ताविक

'सेप्सिस' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ कुजणे किंवा सडणे असा आहे. मराठी बोलण्यात जखम चिघळली की ती 'सेप्टिक झाली' असे म्हटले जाते. वैद्यकशास्त्रातील सेप्सिस मात्र केवळ जखमेपुरता मर्यादित नसतो. शरीरात शिरलेल्या जंतूंशी झुंजताना शरीराचाच प्रतिकार विस्कळीत होतो आणि त्यातून मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, मेंदू यांसारख्या अवयवांचे कार्य बिघडून जीव धोक्यात येतो. या अवस्थेस २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत सेप्सिस म्हटले आहे. २०२० साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख व्यक्तींना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. जगातील एकूण मृत्यूंपैकी जवळपास एक पंचमांश मृत्यू यात येतात.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर जीवितहानी करणाऱ्या या अवस्थेवरील उपचारांची मूलतत्त्वे अज्ञात नाहीत. ती लवकर ओळखणे, योग्य प्रतिजैविके विनाविलंब देणे आणि रक्ताभिसरण सावरणे ही ती तत्त्वे होत. तरीही रुग्णालयात पोहोचलेला रुग्ण या उपचारांवाचून दगावतो, असे का घडते? आणि डॉक्टरांच्या निर्णयक्षेत्रात शासनाने कायद्याच्या मार्गाने हस्तक्षेप केल्यास त्यात फरक पडतो काय? अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१३ साली केलेल्या आणि 'रोरीचे नियम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीच्या आधारे या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

ज्ञान आणि बंधन : एक जुना प्रश्न

रुग्णालयातील संसर्गाच्या इतिहासात ज्ञान असणे आणि ते आचरणात येणे यांत मोठे अंतर राहिले आहे. इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिविभागात वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत असत. त्या विभागात सूतिकाज्वराने, म्हणजेच बाळंतपणानंतरच्या सेप्सिसने, स्त्रिया मोठ्या संख्येने दगावत. एप्रिल १८४७ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण १८.३ टक्के होते. सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केल्यावर जून महिन्यात हे प्रमाण २.२ टक्क्यांवर आले.

पुढे १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची तेथील नेमणूक संपली. त्यांच्या मताला तत्कालीन वैद्यकीय जगताने व्यापक मान्यता दिली नाही आणि १८६५ साली त्यांचा मृत्यू झाला, तोही जंतुसंसर्गानेच. हात धुण्याचा त्यांचा आदेश एका विभागाच्या एका अधिकाऱ्याचा आदेश होता. त्यामागे कायदा नव्हता, तपासणीची यंत्रणा नव्हती आणि तो न पाळणाऱ्यास जाब विचारणारा कोणी नव्हता. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला, पुढे जंतुशास्त्राचा पाया घातला गेला आणि विसाव्या शतकात प्रतिजैविके उपलब्ध झाली. ज्ञान आणि औषधे या दोन्ही बाबतींत परिस्थिती पालटली. परंतु उपलब्ध ज्ञान प्रत्येक रुग्णापर्यंत वेळेत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हा सेमेलवाइस यांच्या काळातील प्रश्न शिल्लकच राहिला.

न्यूयॉर्क राज्यातील पूर्वपरंपरा

२०१३ ची नियमावली अचानक अवतरलेली नाही. रुग्णालयांच्या अंतर्गत कारभारात राज्यशासनाने लक्ष घालण्याची परंपरा न्यूयॉर्कमध्ये त्यापूर्वीच निर्माण झाली होती. तिचे तीन टप्पे विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला टप्पा १९८४ सालातील. लिबी झायन ही अठरा वर्षांची महाविद्यालयीन विद्यार्थिनी ताप आणि अस्वस्थता या लक्षणांमुळे मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच मरण पावली. तिच्या मृत्यूचे नेमके कारण वादग्रस्त राहिले. परंतु तिचे वडील पत्रकार आणि वकील होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला. महाज्यूरीने डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवले नाहीत, मात्र दीर्घ पाळ्यांमुळे थकलेल्या निवासी डॉक्टरांवर आणि त्यांच्यावरील अपुऱ्या देखरेखीवर विसंबणाऱ्या व्यवस्थेवर ताशेरे ओढले. पुढे डॉ. बर्ट्रँड बेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १९८९ मध्ये राज्याच्या आरोग्य नियमसंहितेतील भाग ४०५ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाची मर्यादा आठवड्यास सरासरी ८० तास आणि सलग २४ तास अशी निश्चित करण्यात आली. २००३ साली अशा स्वरूपाची मर्यादा देशभरातील प्रशिक्षण रुग्णालयांना लागू झाली.

दुसरा टप्पाही १९८९ सालचाच. हृदयधमनी-शस्त्रक्रियांनंतरच्या मृत्यूंची माहिती राज्याच्या आरोग्य विभागाने रुग्णांच्या जोखमीचा हिशेब करून गोळा करण्यास आरंभ केला आणि पुढे ती रुग्णालयनिहाय जाहीर केली. १९८९ ते १९९२ या काळात जोखीम विचारात घेऊन काढलेले मृत्यूचे प्रमाण ४.१७ टक्क्यांवरून २.४५ टक्क्यांवर आले. या घटीचे सर्व श्रेय जाहीर अहवालांना द्यावे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि रुग्णालयाची कामगिरी ही लोकांना कळण्याजोगी बाब आहे, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले.

तिसरा टप्पा प्रतिबंधाशी संबंधित आहे. २००५ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून रुग्णालयात होणाऱ्या ठरावीक संसर्गांची नोंद आरोग्य विभागाकडे देणे बंधनकारक केले. मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग हा त्यांपैकी एक महत्त्वाचा प्रकार असून तो सेप्सिसचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

या तीन टप्प्यांतून तीन गोष्टी निष्पन्न झाल्या. एका मृत्यूतून व्यवस्थेतील दोष दिसू शकतो, कामगिरीची आकडेवारी जाहीर करता येते आणि संसर्गाची नोंद कायद्याने मागता येते. सेप्सिसविषयक नियमावलीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

वैद्यकीय पार्श्वभूमी

२००१ साली डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तातडीच्या विभागातील २६३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या सहा तासांत ठरावीक उद्दिष्टे समोर ठेवून उपचार केलेल्या गटात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ३०.५ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ४६.५ टक्के आढळले. २००२ साली बार्सिलोना येथील जाहीरनाम्याद्वारे सेप्सिसविरोधी आंतरराष्ट्रीय मोहिमेस सुरुवात झाली आणि २००४ साली तिची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. प्रतिजैविकांपूर्वी ब्लड कल्चरसाठी रक्त घेणे, रक्तातील लॅक्टेट मोजणे, व्यापक परिणामाची प्रतिजैविके लवकर देणे आणि रक्तदाब खालावल्यास पुरेसे सलाईन देणे, अशा कृतींचा 'संच' ठरावीक तासांत पूर्ण करावा, ही कल्पना या मोहिमेने रूढ केली. परंतु मार्गदर्शक तत्त्वे ही शिफारस असते. ती स्वीकारावी की नाही, हे प्रत्येक रुग्णालयाच्या इच्छेवर अवलंबून होते.

रोरी स्टाँटन प्रकरण

२७ मार्च २०१२ रोजी न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागात राहणारा बारा वर्षांचा रोरी स्टाँटन शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉल खेळताना पडला आणि त्याच्या हाताला खरचटले. रात्री त्याला उलट्या, ताप आणि पायदुखी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी त्याला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवले. पोटाचा विकार आणि शरीरातील पाणी कमी होणे असे निदान होऊन सलाईन व उलटी थांबवणारे औषध देण्यात आले आणि मुलाला घरी सोडण्यात आले. तेथे घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशींचे प्रमाण गंभीर जंतुसंसर्गाची शक्यता दर्शवणारे होते. तो अहवाल मुलगा घरी गेल्यानंतर हाती आला आणि त्याच्या आई-वडिलांना कोणीही कळवला नाही. ३० मार्च रोजी त्याला पुन्हा रुग्णालयात आणून अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. १ एप्रिल २०१२ रोजी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे झालेल्या सेप्सिसने त्याचा मृत्यू झाला.

जुलै २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकातील जिम ड्वायर यांच्या लेखामुळे ही घटना देशभर पोहोचली. या प्रकरणात औषधाचा अभाव नव्हता, तपासणीची सोय नव्हती असेही नाही. आवश्यक ती माहिती रुग्णालयातच निर्माण झाली होती. ती माहिती मुलाला घरी सोडण्याच्या निर्णयाशी जोडली जाईल, अशी व्यवस्था मात्र नव्हती. निदान चुकणे मानवी आहे. परंतु चूक वेळेत लक्षात आणून देणारी एकही पायरी त्या मार्गात नसणे हा संस्थेचा दोष ठरतो. रोरीच्या आई-वडिलांनी आपल्या मागणीचा रोख या दोषाकडे वळवला. एखाद्या डॉक्टरला शिक्षा होण्यापेक्षा सर्व रुग्णालयांना लागू होणारा नियम व्हावा, असा त्यांचा आग्रह राहिला. त्यासाठी त्यांनी मुलाच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले.

नियमावलीचे स्वरूप

राज्यपाल अँड्र्यू क्युओमो यांनी जानेवारी २०१३ मध्ये सेप्सिसविषयक नियम करण्याची घोषणा केली. त्या वेळी भारतीय वंशाचे डॉ. नीरव शहा राज्याचे आरोग्य आयुक्त होते. मे २०१३ मध्ये नियम अमलात आले. विधिमंडळाने संमत केलेला हा स्वतंत्र अधिनियम नव्हता. आधीच्या कायद्याने दिलेल्या अधिकारान्वये प्रशासनाने नियमसंहितेतील भाग ४०५ मध्ये केलेली ही सुधारणा होती. लिबी झायन प्रकरणानंतर निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास ज्या भागात घातले गेले, त्याच भागात सेप्सिसच्या तरतुदींना जागा मिळाली, हे ऐतिहासिक सातत्य लक्षणीय आहे.

नियमांनुसार प्रत्येक रुग्णालयाने गंभीर सेप्सिस व सेप्टिक शॉक लवकर ओळखण्यासाठी आणि त्यावर उपचार करण्यासाठी पुराव्यावर आधारित लेखी कार्यपद्धती तयार करून ती आरोग्य विभागाकडे सादर करावयाची होती. २०१३ च्या अखेरपर्यंत ती प्रत्यक्षात आणणे अपेक्षित होते. प्रौढ आणि बालके यांच्यासाठी स्वतंत्र विचार, संसर्गाचा उगम शोधण्याची रीत, प्रतिजैविके देण्याची कालमर्यादा आणि कोणत्या रुग्णांना ही पद्धत लागू करू नये याचे स्पष्ट निकष यांचा तीत समावेश आवश्यक होता. संबंधित कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे बंधनकारक झाले. एप्रिल २०१४ पासूनच्या रुग्णांविषयीची तपशीलवार माहिती आरोग्य विभागाकडे पाठवावी लागली. प्रौढांसाठी तीन व सहा तासांचे आणि बालकांसाठी एका तासाचे कृतिसंच हे मोजमापाचे निकष ठरले. बालरुग्णांच्या पालकांच्या हक्कांची सनदही याच सुधारणांतून आली. घरी सोडण्यापूर्वी निर्णायक तपासण्यांचे निष्कर्ष पालकांना समजावून सांगितले जावेत, ही तीमधील तरतूद रोरीच्या प्रकरणातील उणिवेला थेट उत्तर देणारी होती.

नियमांच्या रचनेतील एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. उपचारांची एकच पद्धत शासनाने सर्वांवर लादली नाही. रुग्णालयाने आपली पद्धत स्वतः ठरवावी, नवे पुरावे पुढे येतील तशी ती बदलावी, मात्र पद्धत असलीच पाहिजे आणि तिचा हिशेब दिलाच पाहिजे, अशी ही योजना होती. पुढे २०१७ साली विधिमंडळाने कायदा करून आरोग्य व्यावसायिकांना सक्तीच्या असलेल्या संसर्ग-नियंत्रण प्रशिक्षणात सेप्सिसचा समावेश केला. इलिनॉय राज्याने २०१६ साली अशाच एका बालमृत्यूनंतर 'गॅबीचा कायदा' संमत केला, तर अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य विमा यंत्रणेने ऑक्टोबर २०१५ पासून सेप्सिस उपचारांची माहिती देशभरातील रुग्णालयांकडून मागवण्यास सुरुवात केली.

परिणाम : उपलब्ध पुरावा

एप्रिल २०१४ ते जून २०१६ या काळातील न्यूयॉर्कच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४९ रुग्णालयांतील ४९,३३१ रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकी ८२.५ टक्के रुग्णांच्या बाबतीत तीन तासांचा संच वेळेत पूर्ण झाला. संच पूर्ण होण्यास लागणाऱ्या प्रत्येक अधिक तासागणिक मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. प्रतिजैविकांच्या विलंबाबाबतही असाच संबंध दिसला. सलाईनचा पहिला मोठा डोस पूर्ण होण्यास लागलेल्या वेळेबाबत मात्र तो दिसला नाही.

त्याच काळातील १८३ रुग्णालयांमधील ९१,३५७ रुग्णांविषयीचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. तीन तासांच्या संचाचे पालन ५३.४ टक्क्यांवरून ६४.७ टक्क्यांपर्यंत वाढले आणि ज्या रुग्णांवर कार्यपद्धतीनुसार उपचार सुरू झाले, त्यांच्यातील जोखीम विचारात घेऊन काढलेले मृत्यूचे प्रमाण २८.८ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी ५४ रुग्णालयांतील १,१७९ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका तासाचा संच केवळ २४.९ टक्के बालकांच्या बाबतीत वेळेत पूर्ण झाला होता, परंतु जेथे तो झाला तेथे मृत्यूची शक्यता लक्षणीयरीत्या कमी होती. ज्या वयोगटातील मृत्यूमुळे हे नियम झाले, त्याच वयोगटात पालन सर्वांत कठीण ठरले, ही बाब चिंतनीय आहे.

या घटीचे श्रेय नियमांनाच देता येईल काय? सेप्सिसमुळे होणारे मृत्यू त्या काळात अन्य राज्यांतही कमी होत होते. म्हणून २०१९ साली प्रसिद्ध झालेला तुलनात्मक अभ्यास महत्त्वाचा ठरतो. २०११ ते २०१५ या काळात न्यूयॉर्क आणि असे नियम नसलेली फ्लोरिडा, मेरिलँड, मॅसॅच्युसेट्स व न्यू जर्सी ही चार राज्ये यांतील ५०९ रुग्णालयांमधील दहा लाखांहून अधिक सेप्सिस-रुग्णांची त्यात तुलना करण्यात आली. न्यूयॉर्कमधील मृत्यूचे प्रमाण २६.३ टक्क्यांवरून २२.० टक्क्यांवर, तर अन्य राज्यांतील २२.० टक्क्यांवरून १९.१ टक्क्यांवर आले. इतर घटक विचारात घेतल्यावर, नियमांनंतरच्या दहाव्या तिमाहीपर्यंत न्यूयॉर्कमधील मृत्यूचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ३.२ टक्के-बिंदूंनी कमी होते. सर्वत्र सुधारणा होत असतानाही न्यूयॉर्कची सुधारणा अधिक होती, एवढे यावरून म्हणता येते. त्याच वेळी न्यूयॉर्कची सुरुवातीची स्थिती अधिक वाईट होती, आणि जेथे मृत्यूचे प्रमाण आधीच कमी आहे तेथे अशा नियमांचा तेवढाच लाभ होईल असे गृहीत धरता येत नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या नियमावलीवरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप निदानाच्या अनिश्चिततेचा आहे. सेप्सिसचे निश्चित निदान करणारी एकच चाचणी नाही आणि प्रारंभीची लक्षणे साध्या विषाणुजन्य तापासारखीच असतात. घड्याळाचा धाक असेल तर डॉक्टर गरज नसलेल्या रुग्णांनाही व्यापक प्रतिजैविके देतील आणि त्यातून प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढतील, अशी भीती संसर्गरोगतज्ज्ञांनी व्यक्त केली आहे.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या परिवर्तनशीलतेचा आहे. नियम झाल्यानंतर लगेचच, २०१४ व २०१५ या वर्षांत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि ब्रिटन येथील तीन मोठ्या चाचण्यांतून २००१ च्या पद्धतीतील काटेकोर उद्दिष्टांचा वेगळा लाभ दिसून आला नाही. २०१६ च्या नव्या व्याख्येने 'गंभीर सेप्सिस' हा स्वतंत्र वर्गच काढून टाकला, पण न्यूयॉर्कचे नियम त्याच वर्गाभोवती रचलेले होते. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दर किलो वजनामागे ३० मिलिलिटर सलाईन देण्याच्या शिफारशीचे बळ कमी केले. शॉक नसलेल्या आणि निदान संदिग्ध असलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्वरित तपासणी करून तीन तासांपर्यंत निर्णय घेण्याची मुभाही त्यांनी दिली. उपचारांचा तपशील कायद्यात गोठवला तर शास्त्र पुढे जाते आणि कायदा मागे राहतो, असे या आक्षेपाचे सार आहे.

तिसरी मर्यादा पुराव्याची आहे. वर उल्लेखिलेले न्यूयॉर्कचे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. ज्या रुग्णालयांत उपचार वेळेत होतात, तेथील मनुष्यबळ व अन्य सेवाही चांगल्या असू शकतात. शिवाय नोंदी सक्तीच्या झाल्यावर सौम्य स्वरूपाचे रुग्णही सेप्सिसच्या नावाखाली नोंदले जाण्याचा आणि त्यामुळे मृत्यूचे प्रमाण आपोआप घटलेले दिसण्याचा संभव असतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, नियमावलीच्या ज्या भागाने उपचारांचा तपशील ठरवला तो भाग लवकर वादग्रस्त झाला. ज्या भागाने जबाबदारी निश्चित केली तो मात्र टिकून राहिला. किती सलाईन द्यावे यावर तज्ज्ञांचे मत बदलले. परंतु संशयित रुग्णाकडे ठरावीक वेळेत पाहिले जावे, तपासणीचा निष्कर्ष पालकांना कळावा, आणि किती रुग्ण वाचले व किती दगावले याचा हिशेब रुग्णालयाने द्यावा, या अपेक्षांना कोणत्याही नव्या संशोधनाने बाधा आलेली नाही. कायद्याने डॉक्टरांच्या जागी बसून औषध लिहून देऊ नये. औषध देण्याची वेळ निघून जाणार नाही अशी व्यवस्था रुग्णालयात आहे की नाही, हे मात्र कायद्याने विचारावे, असा या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

व्हिएन्नातील प्रसूतिविभागात हात धुण्याचा नियम एका व्यक्तीच्या उपस्थितीवर अवलंबून होता. न्यूयॉर्कमध्ये तपासणीचा अहवाल कोणाच्याही उपस्थितीवर वा स्मरणावर अवलंबून राहू नये, असा प्रयत्न झाला. या दोन घटनांत १६६ वर्षांचे अंतर आहे. या काळात जंतूंविषयीचे ज्ञान अफाट वाढले. ते ज्ञान प्रत्येक रुग्णाच्या खाटेपर्यंत वेळेत पोहोचणे हे मात्र कोणा एकाच्या सद्बुद्धीवर न सोडता सार्वजनिक कर्तव्य मानावे लागते, ही गोष्ट मान्य होण्यासाठी एका बारा वर्षांच्या मुलाचा मृत्यू व्हावा लागला.